तळ बघितल्याशिवाय

कुठलंही काम पायाखाली तुडवून, नाकाने हुंगून आणि जमल्यास जिभेवर ठेवून पाहिल्याशिवाय त्याच्यावर सही न करणारा माणूस या मुंबईत एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान विद्यापीठात संशोधन प्रकल्पांच्या कक्षात अधिकारी होते. दिल्लीहून अनुदान यायचं, प्राध्यापक संशोधन करायचे, कंत्राटदार कामं करायचे, आणि बिलावर ‘काम समाधानकारक’ असा शिक्का मारून साडूंनी सही केली की पैसे सुटायचे. बाकीचे अधिकारी हे खुर्चीत बसून उरकत. आमच्या साडूंना मात्र जागेवर जावं लागे. संशय म्हणाल तर नावालाही नव्हता, होती ती निव्वळ उत्सुकता.

प्रयोगशाळेच्या नव्या खुर्च्या आल्या तेव्हा ते प्रत्येक खुर्चीत बसून आले. खिडकीजवळच्या खुर्चीत त्यांचा डोळा लागला. जागे झाल्यावर कंत्राटदाराला म्हणाले, “काम उत्तम! पण इथे संशोधन होईल याची खात्री देता येत नाही.” लालबागच्या मसाला कुटणाऱ्या बायकांच्या मुलाखती ऐकून लिहून काढायचं एक कंत्राट होतं. ते बिल आल्यावर हे कानात इअरफोन घालून सगळ्या मुलाखती ऐकत बसले आणि घरी येऊन सांगू लागले, “अगं, धणे वेगळे भाजायचे असतात. मिरचीबरोबर नाही.” ताई शांतपणे म्हणाल्या, “हो का? मग त्या बायकांकडेच जेवून येत जा.” पुढे आठवडाभर त्या घरात बिनमसाल्याची आमटी झाली, असं माझी बायको सांगते. दादरला माझ्या पुतणीचं लग्न होतं. केटररकडे बघायचं काम आम्ही त्यांच्यावर सोपवलं आणि ऐन मंगलाष्टकात ते गायब! सापडले मुदपाकखान्यात. आचाऱ्याला एवढ्या भाताच्या मिठाचा अंदाज नुसत्या वासावरून कसा येतो, हे ते पातेल्यात डोकं घालून शिकत होते. अल्बममध्ये नवरानवरीच्या मागे ते उभे आहेत, हातात झारा.

कंत्राटदार त्यांना आधी वचकून असत. पण एकदा समाधान झालं की साडू ते बिल शिपायाकडे न देता स्वतः हिशेब विभागात नेऊन देत आणि पैसे निघेपर्यंत तिथून हलत नसत. त्यामुळे एक कंत्राटदार मला म्हणाला होता, “साहेब लोक पैसे खातात, हे नुसतं डोकं खातात. परवडतं!”

मग आली आमच्या वाडीतली विहीर. गिरगावातल्या जुन्या विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करणारा एक प्रकल्प होता, आणि त्यासाठी आमची विहीर उपसायचं काम परळच्या एका कंत्राटदारांनी घेतलं होतं. मूळचे मालवणचे, म्हणून सगळे त्यांना मालवणी काका म्हणत. गाळ अंदाजापेक्षा जास्त निघाला आणि काम संपलं ते अनुदानाच्या शेवटच्या दिवशी. संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत बिल पोचलं नाही तर उरलेली रक्कम दिल्लीला परत, आणि काका नि त्यांचे कामगार हात चोळत बसणार. त्यात साडूंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. काठी टेकत ते टॅक्सीतून उतरले आणि विहिरीच्या कठड्याशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले.

“साहेबानु, तळ गावलो! करा सही,” काका म्हणाले.

“मी कुठे बघितलाय?”

“व्हिडिओ धाडलंय मां तुमका!”

“त्यात अंधार आहे. आणि मधूनमधून तुमचं बोट.”

मी रजेवर होतो आणि बनियनवर चहा पीत खिडकीतून ही गंमत बघत होतो, हीच चूक झाली. साडूंनी वर पाहिलं. “साडूबुवा, तुमचे गुडघे कसे आहेत?” मला वाटलं, चौकशी करतायत. मी बेसावधपणे “ठणठणीत!” म्हणालो.

“अहो, जा ना,” बायको म्हणाली, “भावोजी एवढं म्हणतायत. कधीतरी कुणाच्या उपयोगी पडा.”

“उपयोगी पडतो, पण विहिरीत कशाला?”

तोवर आयुष्यात मी सर्वांत खोल उतरलो होतो तो मॉलच्या पार्किंगमध्ये. काकांनी माझ्या कमरेला दोर बांधला, “देवाचा नाव घेवा” म्हणून धीर दिला (त्याने होता तोही गेला) आणि मी शिडीवरून खाली निघालो.

“पोचलात?” वरून आवाज.

“बहुतेक. डोळे मिटलेत.”

“मग उघडा! डोळ्यांसाठीच तर पाठवलंय. पायाखाली काय?”

“दगड. गाळ नाही.”

“झाला मां!” काका ओरडले. बिलापुरतं खरंच झालं होतं. पण साडूंचं कुठलं व्हायला!

“पाणी कुठून येतंय?”

पाणी कुठूनतरी येतं, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. घोटाभर पाण्यात मी पायाने चाचपलं. “फट आहे इथे! साडूभाऊ, इथून येतंय! गार आहे हो… बोटांना गुदगुल्या होतायत!” भीती कधी गेली, कळलंच नाही. मान वर केली तर आभाळाचा गोल तुकडा, आणि त्याच्या कडेला साडूंचं टक्कल, ओणवलेलं.

“वरून दिसतंय का काही?”

“काही नाही. तुम्ही बोला. आणखी काय आहे?”

मी वर आलो तेव्हा त्यांनी बिल मांडीवर घेतलं होतं. माझ्या ओल्या पायांकडे ते बघत राहिले. “जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या पायांवर सही करतोय,” म्हणाले, आणि केली. टॅक्सीत बसताना काच खाली करून हळूच पुटपुटले, “थोडं पाणी वर आणायचं होतंत हो.” बिल वेळेत पोचलं. काकांचे पैसे सुटले.

आता ते निवृत्त आहेत. बिलं फोटो जोडून कॉम्प्युटरवर मंजूर होतात, आणि त्यांचे गुडघे दादरच्या घराबाहेर फारसे जात नाहीत. फोनवर मात्र विचारतात, “विहीर काय म्हणते?” गेल्या रविवारी मी झऱ्याचं पाणी बाटलीतून घेऊन गेलो. “ते प्यायचं नाही हं!” ताई आतून ओरडल्या. साडूंनी ओंजळीत घेतलं, हुंगलं, थेंबभर जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

मला राहवेना. “कसं आहे?”

“तुम्ही चाखलं नाहीत?”

“नाही.”

“मग मी कसं सांगू?” म्हणत त्यांनी बाटली उचलली.

मी ओंजळ पुढे केली.