केळीच्या बागेत जाऊन केळं नको म्हणालो

मंडळी, आज फैजपूरला माझ्या बालमित्राच्या, नारायणच्या केळीच्या बागेत गेलो होतो. शाळेत एका बाकावर बसून आम्ही कविता घोकायचो. त्या हिरव्या सावलीत जुन्या चाली आपोआप ओठांवर आल्या.

नारायणने पिकलेली केळी पुढे केली. साठीनंतर मला मधुमेहाने गाठलंय. डॉक्टरांना विचारून, गोळ्या चालू ठेवून, भात, भाकरी, गोड फार कमी केलंय. मी हात जोडले.

त्याचा चेहराच उतरला. "पोरपणी फण्याच्या फण्या फस्त करे, आता माह्या बागेचं केयं तुले जहर झालं का रे?"

आजार समजावता येतो हो, रुसलेला मित्र कसा समजवावा?

तेवढ्यात नारायणची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "भाऊले केयं नाही चालत, तं फूल चालीन की!" घड चांगला भरावा म्हणून केळफुलं कापून बांधावर टाकतात. त्यातलं एक ताजं त्यांनी आमच्यापुढे ठेवलं.

हाताला तेल लावून आम्ही दोघे म्हातारे ती जांभळी पानं सोलत बसलो. सोलता सोलता नारायण एक कविता म्हणू लागला. मध्येच अडला, पुढचं कडवं मी म्हटलं. रुसवा कधी गेला, कळलंच नाही.

वहिनींनी केलेली त्याची वाटीभर भाजी मी भाकरीशिवाय, मिटक्या मारत खाल्ली. निघताना त्याने केळ्यांची फणी पिशवीत कोंबलीच. "तुले नाही, तुह्या सुनेले!"

प्रेमाने पुढे केलेल्या घासाला 'नको' म्हणताना तुमचीही जीभ अडखळते का? तुम्ही काय सांगता?