वहिनींची शाल

माझ्या थोरल्या वहिनींनी बोटाने रस्ता दाखवला की रिक्षा हमखास चुकायची. आमवाताने त्यांच्या हाताची बोटं करंगळीकडे कलली होती. दाखवायच्या क्रांती चौक, बोट जायचं स्टेशनकडे. रिक्षावाला गोंधळला की म्हणायच्या, "बोटाकडं बघू नका दादा, मी काय सांगते ते ऐका."

हे वाक्य मी कितीतरी वर्षं विनोद म्हणून ऐकलं.

त्या हातांमुळे त्यांचं काही अडलं नाही. भाकरी थापणं सुटलं, तेव्हा त्या ती दोन प्लास्टिकांमध्ये ठेवून ताटलीने दाबू लागल्या. "गोल येत नाय, पण पोटात गेल्यावर कोण बघतंय?" सकाळी अंग लाकडासारखं असायचं. छावणीच्या बाजारापर्यंत चालून आल्या की सांधे मोकळे व्हायचे. "माझ्या वाताला फिरायला लई आवडतं," म्हणायच्या.

माझं औषधांचं दुकान होतं आणि त्यांच्या गोळ्या मीच द्यायचो. एकदा त्या सांध्यांच्या डॉक्टरांकडून थेट दुकानात आल्या. "भाऊजी, डॉक्टर म्हणले, सांध्यांना जी सूज येते, ती आतून रक्तवाहिन्यांनाही छळते. आमच्यासारख्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. बीपी, कोलेस्टेरॉल तपासायला सांगितलंय."

गिऱ्हाइकांसमोर मी हसलो. "वहिनी, बोटांचं दुखणं छातीत कशाला जाईल?"

त्यांनी माझं ऐकलं नाही. तपासण्या केल्या. बीपी वाढलेलं निघालं. नवी चिठ्ठी काउंटरवर ठेवत म्हणाल्या, "हसून झालं असंल तर गोळ्या काढा."

पुढच्या हिवाळ्यात पेरू आणायला मी त्यांना गाडीतून दौलताबादला नेलं. किल्ल्यात मिनारापर्यंत चालायचं ठरलं. अर्ध्या वाटेत त्या दगडावर बसल्या. डावा खांदा आणि जबडा दुखत होता, कपाळावर घाम होता. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि निकाल दिला, "वात चढलाय. गाडीत बाम आहे."

बसल्यावर त्यांना बरं वाटलं. उठून दहा-वीस पावलं टाकली तोच पुन्हा तेच. परत बसल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, माझा वात चाललं की सुटतो. हे चाललं की वाढतंय, बसलं की थांबतंय. हा वात नाय. दवाखान्यात चला."

मी म्हणालो, "आधी लिंबूसोडा घेऊ. पित्त असेल."

"सोडा तुम्ही प्या मागाहून. मी आता एक पाऊल चालणार नाय. कुणाला तरी खुर्ची आणायला सांगा अन् गाडी दारापाशी लावा."

किल्ल्याच्या दारातल्या पेरूवाल्यांनी त्यांना खुर्चीतून उचलून गाडीपर्यंत आणलं. दवाखान्यात कळलं, हृदयाची मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. स्टेंट बसला. डॉक्टर मला म्हणाले, "अगदी वेळेवर आणलंत." तिथूनच मी वहिनींना वाचवल्याची गोष्ट पसरली.

सोसायटीच्या स्नेहसंमेलनात माझा सत्कार झाला. सेक्रेटरी म्हणाले, "औषधातला माणूस, म्हणून क्षणात ओळखलं." मी शाल आणि नारळ घेतला आणि गप्प खुर्चीत येऊन बसलो. पहिल्या रांगेत वहिनी टाळ्या वाजवत होत्या. त्या हातांच्या टाळीला आवाज नसतो.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त थंडी पडली की मला विचारायच्या, "काय भाऊजी, माझी शाल ऊब देतीय का?" ती मी एकदाही पांघरू शकलो नाही.

यंदाच्या संमेलनात मी माइक मागून घेतला आणि सगळं सांगितलं. दुकानातलं हसणं, बाम, लिंबूसोडा, सगळं. मग पहिल्या रांगेतून हसू आलं. वहिनीच हसत होत्या. त्या मंचावर आल्या. मी पिशवीतून शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली, तेव्हा लोक उठून उभे राहिले.

वहिनींनी दोन्ही तळव्यांत माइक धरला. "गाडी मात्र भाऊजींनी लई जोरात चालवली. तेवढी शाबासकी त्यांची. अन् ज्यांना ज्यांना आमवात आहे, त्यांनी डॉक्टरला छातीचं पण विचारा. त्यांनी विषय नाय काढला तर आपण काढा."

हेच त्या दर महिन्याला सांध्यांच्या दवाखान्यात, बाकावर शेजारी बसेल त्या बाईला सांगतात. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या उजव्या हाताला बसलो होतो. डॉक्टरांचं दार अर्धं उघडं होतं. आत दौलताबादकडची एक शेतकरी बाई होती, मागच्या खेपेला वहिनींशेजारी बसलेली. डॉक्टरांनी तिची वाकडी बोटं तपासायला घेतली, तसा तिने हात मागे घेतला.

"बोटाकडं नंतर बघा, डाक्टर. मी काय सांगते ते आधी ऐका. चढ चढलं की छातीत दाटतंय, बसलं की थांबतंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नर्सला ईसीजीसाठी हाक मारली.

वहिनींनी शाल सावरली. दाराकडे बोट करून म्हणाल्या, "ऐकलं का?"

बोट माझ्याकडे वळलेलं होतं.

"ऐकलं, वहिनी," मी म्हणालो.