कमळाताईंनी पाहिलेला गोळा

सूक्ष्मदर्शकात डोकावण्याआधी कमळाताई चपला काढून ठेवत. मीरा रोडच्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते आणि त्या आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. चपलांचं कारण विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, कुनाच्या घरात जातो आपुन, तर पायतान भायेर नको?"

घर म्हणजे सांगाडा. खाडीच्या थेंबात डायटम असतात. एका पेशीचा जीव, पण अंगाभोवती काचेची नक्षीदार डबी. जीव मरतो, डबी उरते. हे मी मुलांना शिकवताना ताई मागे उभ्या राहून ऐकत आणि दुसऱ्या दिवशी औषधाच्या बाटलीत खाडीचं पाणी भरून आणत. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातल्या, सातवी शिकलेल्या. दिसेल ते वहीत काढायच्या. एकदा त्यांच्या चित्रातली तुटकी कडा मी पेनाने पुरी करायला गेले, तर त्यांनी वहीच ओढून घेतली. "तुटलेली हाय ती. तशीच ऱ्हाऊ द्या."

एका दुपारी त्या जवळजवळ धावतच आल्या. भावाची बोट दहा दिवसांनी खोल समुद्रातून परतली होती. तिची जाळी धुतलेलं पाणी ताईंनी आणलं होतं. मी भिंगाला डोळा लावला. एक जाळीदार गोळा, त्याच्या आत आणखी एक गोळा, आणि चहूबाजूंनी लांब काटे. रेडिओलेरियन! काचेचाच सांगाडा असलेला, पण खोल समुद्रातला एकपेशी जीव. मी तो फक्त पुस्तकात पाहिला होता. कॉलेजात असे सांगाडे असलाच तर एकाच ठिकाणी असणार: आमच्या कपाटातल्या, खोल समुद्रातल्या गाळाच्या एका कुपीत. शेजारी प्राचार्य आणि दोन सहकारी उभे होते.

"ताई, कपाटातल्या कुपीतलं काहीतरी मिसळलं असणार," मी म्हटलं. "काच नीट धुतली नसेल तुम्ही."

"धुतली व्हती."

प्राचार्य हसले. "क्या बात है, अपनी कमळाताई तो सायंटिस्ट बन गई!"

ताईंनी स्लाइड उचलली, बेसिनमध्ये धुतली आणि वाळत ठेवली. त्यानंतर त्यांनी कधी बाटली आणली नाही.

मी तसं का म्हणाले? मला खरंच तसं वाटलं होतं, की प्राचार्यांसमोर चूक ठरायची भीती वाटली होती? किती वेळा आठवून पाहिलं, पण तो क्षण दर वेळी निराळाच दिसतो.

ताई निवृत्त झाल्या. दोन वर्षांनी प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर हलवताना ती कुपी माझ्या हातात आली. बुचावरचं मेण अखंड होतं. कुपी कुणी कधी उघडलीच नव्हती. मी सिल्व्हर पार्कच्या नाक्यावरून रिक्षा पकडली आणि थेट त्यांच्या घरी गेले.

त्या अंथरुणावर होत्या. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. मी कुपीची हकीकत सांगितली आणि म्हटलं, "ताई, तुमचं बरोबर होतं. तो गोळा समुद्रातूनच आला होता."

ताईंनी उशीवरून मान वर केली. "जाल्यांचं पानी तुमी पुन्ना बघितलं?"

"नाही."

"मंग कसं सांगता?"

आवाजात राग नव्हता. एखाद्या मुलीला विचारावं तसं विचारलं त्यांनी. "मलाबी आता कलत न्हाय, मॅडम. तवा पक्कं वाटलं व्हतं. तुमी बोललात, मंग वाटलं आपलाच डोला चुकला." आणि सुनेला त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.

महिन्याभरात ताई गेल्या.

आता त्यांच्या भावाची बोट आली की मी जाळ्यांचं पाणी आणते. थेंबामागून थेंब तपासते. काटे दिसतात, तुकडे दिसतात, डायटम तर खंडीभर. तसा गोळा अजून दिसलेला नाही. तो तिथे नसतोच, की मला बघताच येत नाही, हे मला सांगता येत नाही. परवा पुस्तकातलं त्याचं चित्र दाखवून एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, असतो का हो तो इथे?" मी तिला म्हटलं, "बस, बघ, आणि दिसेल तेवढंच काढ."