समुद्राच्या बाजूची खिडकी

ऐंशीच्या दशकात काही वर्षं मुंबईहून रत्नागिरीला एक लहानसं विमान यायचं. मी तेव्हा मालवाहू बोटीवर खलाशी होतो. त्या वर्षी बोटीवरून उतरलो तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आपला किनारा एकदा वरून बघावा म्हणून मी विमानाचं तिकीट काढलं.

जागांना नंबर नव्हते. आधी चढेल त्याची खिडकी. दक्षिणेला येताना समुद्र उजव्या हाताला, आणि सकाळचं ऊन डोंगराकडून, म्हणजे पाण्याची चकाकी डोळ्यांत जात नाही. इंजिन आड येऊ नये म्हणून मी उजवीकडची, अगदी मागची खिडकी धरली.

दाभोळची खाडी दिसली तेव्हा शेजारचे गृहस्थ माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "किती शांत आहे नाही समुद्र!"

पाणी गुळगुळीतच होतं, पण त्यावर नैऋत्येकडून लांबच लांब रेघा सरकत येत होत्या, एकीमागून एक. वारा नसताना अशा लाटा येतात तेव्हा कुठेतरी दूर काहीतरी उठलेलं असतं. क्षितिजावर तांबूस काळा पट्टा होता. जयगडच्या समोर मासेमारीच्या चार-पाच लाँची त्याच्याच दिशेने निघालेल्या. त्यांना तो दिसत नसणार.

मिरजोळ्याच्या विमानतळावर उतरलो तो रिक्षाने थेट घरी. वहिनी दारातच होती.

"दादा कुठाय?"

"पहाटेच गेले. जयगडच्या अंगाला मासळी लागलीय म्हणत होते. काय झालं भावोजी?"

विमानातून जे दिसलं ते तिला सांगून मी निघालो. बंदरावर जाऊन वादळ येतंय म्हणून सांगितलं, तर तिथले म्हणाले, "वरून हुकूम आल्याशिवाय धोक्याचा बावटा लावता येत नाही." दुपारी वारा साफ पडला. वाळत घातलेली जाळी हलेनात. वहिनीने ताट वाढलं. ती एकच विचारत राहिली, "तुम्ही बघितलीत ना लाँच? आमचीच होती?" एवढ्या उंचावरून सगळ्या सारख्याच दिसतात, हे तिला कसं सांगू?

धोक्याचा बावटा लागला तोवर माड वाकायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयगडहून आलेल्या एसटीतून दादा उतरला. अंगावर दुसऱ्याचा सदरा, तळहात सोललेले. लाँच खाडीच्या तोंडाशी फुटली होती. लाँचीचं सुकाणू धरणारा तांडेल, नाटे गावचा, दादाबरोबर लहानपणापासून समुद्रावर जाणारा, लाटेने नेला. तो कधीच सापडला नाही.

"विमान गेलं डोक्यावरून," दादा म्हणाला. "त्याने मान वर करून हात केला. हसत होता."

मी त्या विमानात होतो हे वहिनीने सांगितलं. दादा माझ्याकडे वळला.

"आम्ही दिसलो तुला?"

"दिसलात."

आम्ही दोघं मिळून नाट्याला गेलो. तांडेलाच्या म्हाताऱ्या आईपुढे दादा जमिनीवर बसला आणि तिने त्याच्या सोललेल्या हातांना खोबरेल लावलं. त्यानंतर दादाने लाँच घेतली नाही. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत बर्फाच्या कारखान्यात तो कामाला लागला, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला.