बंडीतली गाठ

पोरानं बजावलं होतं, बाबा, विमानतळावर तोंड बंद ठेवा. मला गप्प बसवणं त्याच्या आईला चाळीस वर्षांत जमलं नाही, पण मलकापूरला रेल्वेत बसल्यापासून मी गप्प राहून दाखवलं.

लेक बंगलोरला असते. बायको वारल्यावर लेक म्हणाली, दोन महिने माझ्याकडे या. विमानात गारठा असतो म्हणून मी सदऱ्यावर बंडी घातली. घरच्या कापसाची रुई भरून बायकोनं हातानं शिवलेली. तिनं शेवटचं शिवलं ते हेच. तिच्या हातचं बाकी काही उरलं नाही, लोणचंसुद्धा मीच संपवलं.

विमानतळावर तपासणीत करदोड्याची किल्ली काढून ट्रेत टाकली. लोखंड शोधणारी चौकट मुकाट राहिली. पण पुढं एक नवीन यंत्र चाचणीसाठी उभं केलं होतं. त्याच्या लहरी कापडातून आत शिरतात, अंगावर आपटून परत येतात, आणि मधे काही लपवलेलं असलं की दिसतं, मग ते लोखंड असो की प्लॅस्टिक. पोरानं नाव सांगितलं, टेराहर्ट्झ. मला ते बोंडअळीवरचं औषध वाटलं.

हात वर करून उभा राहिलो. पडद्यावर माणसाच्या आकाराचा बाहुला आला. पोट माझ्यापेक्षा बरं होतं त्याचं. डाव्या बरगडीवर पिवळा चौकोन.

"आजोबा, इथं काय आहे?" तपासणीवरच्या जवानानं विचारलं.

"रुईची गाठ होय. म्हातारीनं नीट पिंजली नाही."

त्यानं दाबून पाहिलं. "कडक लागतंय. उसवावं लागेल."

"उसवू देत नाही मी."

"बाबा, टाकेच त हायेत," पोरगं दात खात म्हणालं. "ताई देईन शिवून."

"ताईचे टाके मले काय करायचे?"

"मग बंडी इथंच ठेवा आणि जा," जवान म्हणाला.

"हे बरं हाय. माणूस सोडता अन् बंडी धरता."

मागची रांग चुळबुळायला लागली. मी बंडी काढून छातीशी घट्ट धरली. जवानानं माझ्याकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं आणि कात्री पुढं केली. "तुम्हीच उसवा. लागतील तेवढेच."

चार टाके पुरले. बोट घातलं तर आतून माझी चुन्याची डबी निघाली. हिरवी, प्लॅस्टिकची.

तंबाखू सोडा म्हणून ती मागं लागली होती, तेव्हा ही डबी गेली होती. मी माळा शोधला, गोठा शोधला, तिची लुगड्याची पेटी उलथली. शेवटी साडूवर आळ घेतला आणि वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. मी त्याला शिव्या घालायचो आणि ही भाकर वाढता वाढता म्हणायची, "चोर सापडला की मले सांगजा." मी कुठं शोधणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन हिवाळे चोरीचा माल मीच अंगावर घालून गावभर फिरलो.

जवानानं डबी उघडली. चुना वाळून खडा झाला होता. हसून त्यानं डबी माझ्या ट्रेत टाकली. "बंडी घाला आणि जा, आजोबा."

मी बंडी घातली, पण हललो नाही. "साहेब, अजून एकडाव उभं करा मले त्यात."

"आता कशाला?"

"म्हातारी लई बिलंदर होती. एकाच जागी लपवून थांबणारी नव्हती ते."

पोरानं कपाळाला हात लावला. जवान म्हणाला, नियमानं पुन्हा जावंच लागतं, या. मी हात वर केले आणि त्यानं उतरा म्हटल्यावरही थोडा वेळ तसाच राहिलो. पडद्यावर बाहुला आला. कोरा.

"नीट पाह्यलं काय?"

"नीट पाहिलं. काहीच नाही."

हे ऐकून बाकीचे लोक खूश होतात. रुई बाहेर यायला नको म्हणून मी उसवलेल्या जागी तळहात दाबून धरला आणि पोराच्या मागं चालू लागलो.