मावशीच्या रिसेप्शनचं अळणी जेवण

मी हे लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा हसू आवरेना म्हणून मोबाईल पालथा ठेवला, तिसऱ्यांदा रडूच आलं, मग म्हटलं जाऊ दे, माझ्या मावशीबद्दल कोण वाचणार, ती काय मोठी कुणी आहे का. पण कालपासून डोक्यात तीच आहे. त्यामुळे आता एका दमात लिहून टाकते, चुका तुमच्या तुम्ही सुधारून वाचा.

तर मावशी. आईची धाकटी बहीण, वय बेचाळीस. एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं पेशंटचा स्वयंपाक करते. तळमजल्यावर, कपडे धुवायच्या खोलीला लागून. तिथे सगळं मोजून. कप्प्यांच्या ताटात मोजून भात, मोजून भाजी, तेल तर नुसतं दाखवायला, आणि मीठ एका एवढ्याशा चमच्याने, तोही सपाट करून. ताटं भरून वर जातात आणि अर्धी भरलेली खाली येतात. मावशी म्हणते, "आजारी माणसाच्या तोंडाला चव नसते गं, त्यांच्यावर राग नाही. पण एकोणीस वर्षांत एकाने तरी म्हणावं ना, अजून वाढा!" आता तिथे अजून वाढायची सोयच नाही, तर म्हणणार कोण?

तिचं लग्न ठरलं लिफ्टवाल्या काकांशी. ते त्याच हॉस्पिटलची लिफ्ट चालवतात, ताटांची ट्रॉली रोज तेच वर नेतात आणि दुपारी उरलेलं एक ताट लिफ्टमधल्या स्टुलावर बसून खातात. "जमलं कसं तुमचं?" असं मी विचारलं तर म्हणाले, "हळूहळू, मजल्या-मजल्याने."

रिसेप्शनला ऐंशी माणसं. केटरर आला, त्याने वही उघडून माणशी भाव सांगितला, मावशीने शांतपणे त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. "एवढ्यात मी दोनदा लग्न करीन. जेवण मीच करणार."

आईने कपाळावर हात मारला. "अगं, नवरी कधी स्वतःच्या लग्नात पातेली ढवळते का? लोक तोंडात शेण घालतील!"

"शेण नाही ताई, मटारभात घालतील."

"फजिती झाली तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

"नाही येणार. तू लांबूनच रड."

पण आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो तेव्हा तिने खरं काय ते सांगितलं. पैशाचं निम्मंच कारण होतं. "मला एकदाच बघायचंय गं, माझ्या हातचं खाऊन माणूस रिकामं ताट घेऊन परत आलेला. एकदाच. लग्नाच्या दिवशी तरी." आणि लगेच, "ए कार्टे, दाणे खाऊ नकोस, मोजून आणलेत." मी तोंडातला दाणा गपकन गिळला आणि ओढणीने डोळे पुसले.

लग्नाच्या दिवशी अकराला रजिस्टरवर सह्या झाल्या, साडेअकराला नवरी निळ्या ड्रेसवर हॉस्पिटलचा पांढरा एप्रन बांधून हॉलच्या मागच्या शेडमध्ये हजर! बेत साधा. टोमॅटोचं सूप, मटारभात, बटाट्याची भाजी, पाव, शेवटी फळं घातलेलं कस्टर्ड. भाजी दोन पातेल्यांत, कारण मोठं पातेलं उसनं मिळालं नव्हतं. मावशीला काम करताना तुम्ही बघायलाच हवं. एका हाताने ढवळते, दुसऱ्याने झाकण सरकवते, पायाने पाण्याची बादली ओढते आणि तोंडाने मला शिव्या देते. मी कांदा चिरून इतकी रडले की कुणाला वाटावं पाठवणी माझीच आहे.

चारला सगळं तयार. मावशीने चव घेतली. "झक्कास!" काकांनी घेतली. "एक नंबर! अगदी नेहमीसारखं." आईने नाक मुरडत घेतली आणि तिचा चेहराच उजळला. "खरंच छान झालंय गं." मला कुणी चव दिली नाही कारण मी तेव्हा कागदी प्लेटी शोधत गावभर फिरत होते.

पाचला काकांची थोरली बहीण आली. शाळेतून रिटायर झालेली मास्तरीण, तिला सगळेच बाई म्हणतात, काकासुद्धा. बाईंनी सूप तोंडात घेतलं. थांबल्या. भाजी घेतली. भात घेतला. मग चष्मा काढून मावशीला म्हणाल्या, "वहिनी, पाहुणे जेवायला येणार आहेत की अॅडमिट व्हायला?"

सगळं अळणी! ठार अळणी! मी प्लेटी टाकून धावत जाऊन चाखलं तर भाजी म्हणजे ओला पुठ्ठा. आता गंमत बघा. मावशीचा हात एकोणीस वर्षं त्या सपाट चमच्याचा. काकांची जीभ पंधरा वर्षं त्याच ताटाची. आणि आईला बीपी, ती गेली सहा वर्षं मिठाशिवाय जेवते! म्हणजे आख्ख्या शहरात शोधून काढलेली तीन माणसं, ज्यांना हे जेवण छान लागेल, तीच नेमकी चव बघायला उभी!

मावशी मटकन बादलीवर बसली. "कोणी परत येणार नाही गं," ती हळूच मला म्हणाली. "पहिलंच संपवणार नाहीत."

तासाभरात लोक येणार होते. "अगं मग घाल ना मीठ!" आई ओरडली. मावशी उठली, चमचा भरला, पातेल्यावर नेला, आणि हात तिथेच थांबला. परत नेला, परत थांबला. हातच पुढे जाईना! मला इतकं भरून आलं की मी विचारच केला नाही, मिठाची पुडी हिसकावली आणि भाजीच्या एका पातेल्यात उलटी केली. आख्खी.

आईने पुन्हा कपाळावर हात मारला.

"अगं भवाने!" आई म्हणाली.

मी रडायच्या बेतात, आणि मावशी? मावशी हसायला लागली. पोट धरून हसली. मग एकदम तिच्यातली स्वयंपाकीण जागी झाली. "ताई, तू मोठा टब धू. तुम्ही जरा ते दुसरं पातेलं उचला." हे काकांना, कारण लग्न होऊन सहा तास झाले तरी अजून अहो-जाहोच. खारट भाजी आणि अळणी भाजी टबात एकत्र झाली, मग त्यात आणखी उकडलेले बटाटे कुस्करून पडले. भातात कोरडं मीठ मिसळत नाही, म्हणून तिने गरम पाण्यात मीठ आणि लोणी विरघळवून ते भातावर शिंपडलं आणि शीत न मोडता खालीवर केलं. आणि चवीला फक्त बाई. बाकी तिघांना चव घ्यायची बंदी.

बाई मार्क द्यायला लागल्या! सूप. "शंभरपैकी तीस." मीठ. "पन्नास." मीठ. "पासष्ट, अजून प्रयत्न करा." मावशीने डोळे मिटून चमचाभर मीठ टाकलं. "ऐंशी! थांबा, आता हात वर!" भाजीला सत्तर मिळाले आणि भाताला पंच्याण्णव, त्यावर मावशी म्हणाली, "पाच कुठे गेले?" तर बाई म्हणाल्या, "शंभर मी कुणालाच देत नाही."

सहाला लोक आले. नवरीला स्टेजवर खुर्चीत बसवलं होतं, ती पाच मिनिटांत उतरून टेबलामागे डाव घेऊन उभी. आईने डोळे वटारले, तिने बघितलंच नाही. नर्सेस, ड्रायव्हर, शेजारी, सगळे वाढून घेऊन गेले. रांग संपली. आणि मग कोणी येईना. दहा मिनिटं! मी सगळ्यांची तोंडं बघतेय, चावतायत, बोलतायत, पण उठत कोणी नाही. मावशी उगीच डाव पुसत होती. पुसलेला डाव परत पुसत होती.

तेवढ्यात काकांचा एक मित्र आला, टॅक्सी चालवतो, अंगाने चांगला दणकट. रिकामी प्लेट पुढे केली. "वहिनी, भात अजून आहे का?"

मावशीने पुसायचं फडकं खाली ठेवलं. "काय म्हणालात?"

"भात. अजून. आहे का?"

"परत म्हणा."

तो बिचारा गोंधळला. "नसेल तर राहू दे हो, सूप चालेल..."

"आहे! आहे! आहे!" मावशी इतक्या जोरात ओरडली की हॉल गप्प झाला, आणि तिने त्याच्या प्लेटीत एवढा भात घातला की प्लेट वाकली. ती रडत होती, हसत होती, वाढत होती. बहुतेक त्या ओरडण्यानेच सगळ्यांना कळलं की अजून मिळतंय, कारण पुढच्या मिनिटाला रांग दारापर्यंत! बाई तिसऱ्यांदा आल्या. आई लाजत लाजत दोनदा आली, बीपी गेलं खड्ड्यात.

आठ वाजता पातेली रिकामी. नवरा-नवरीसाठी शीतसुद्धा उरलं नव्हतं. दोघं शेडमध्ये उलट्या बादल्यांवर बसून टबाला लागलेली भाजी पावाने पुसून खात होते. काका एक घास खाऊन कुजबुजले, "थोडं खारट नाही वाटत?" मावशी म्हणाली, "गप्प बसा आणि खा." मग थांबून म्हणाली, "अजून हवंय का तुम्हाला?" ते म्हणाले, "हवंय की!" पण नव्हतंच. ती इतकी खूश मी तिला कधी बघितली नाही.

म्हणून सांगते, जा तिला भेटायला. हॉस्पिटलमध्ये नको, तिथे ती चमचा सपाट करूनच मीठ घालणार, तो नियमच आहे. रविवारी जा, घरी, आणि हाच रविवार धरा, कारण सध्या तिचा हात सैल सुटलाय आणि खाणारे एकटे काकाच आहेत, त्यांनाही सगळं खारट लागतं. सकाळी काही खाऊ नका. आणि ताट संपलं की तोंड उघडून मागा.