पानी की मनी

बमरोलीच्या आमच्या लूम कारखान्यात खडखडाट एवढा, की आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोलायचो. माझ्या समोरच्या लूमवरचा माणूस तर ओठांनी अख्खी कादंबरी सांगायचा. एका लेखकाच्या जादूच्या कादंबऱ्यांचं त्याला वेड होतं. नवा भाग जळगावच्या एसटीनं आला, की तो त्याला साडीच्या चिंधीचं कव्हर घालायचा आणि त्या दिवशी तंबाखू बंद. ओठ साफ दिसायला हवेत ना!

शाळा अर्धी सोडून आलेला मी लूमवर इकडून तिकडे सुसाट धावणाऱ्या धोट्याला घाबरायचो. गावी पळून जावंसं वाटायचं. पण सात डोंगर ओलांडत पाणी शोधणाऱ्या, त्याच्या कादंबरीतल्या राजपुत्रानं मला धरून ठेवलं. त्याला पाणी मिळालं, तर आपलंही काही होईल, असं वाटायचं.

एकदा चहाच्या लारीवर मी विचारलंच, “दादा, त्याले पानी भेटी ना?”

तो हसत सुटला. “अरे भो, पानी नही, मनी! नागमनी!”

ओठांवर दोन्ही सारखेच दिसतात. मी एवढासा झालो. ते बघून तो थांबला. “तुन्हा गावले पानी नही का रे?”

मी मान हलवली. आमची विहीर कधीच आटली होती.

मग मालिकेचा शेवटचा भाग आला. लूमपलीकडून त्याचे ओठ हलत राहिले. शेवटी माझी चूक होऊ नये म्हणून त्यानं हातांची ओंजळ केली आणि तोंडाला लावली. राजपुत्र पोटभर पाणी प्यायला.

त्या खडखडाटात मला आमच्या विहिरीत बादली बुडाल्याचा आवाज आला.